शिळं पाणी

सोम. १० जाने. २००५

नळ सहाला यायचा. त्याच्या आधी उठून कालचं पाणी ओतून टाकायचं. तांब्याचा हंडा, दोन कळशा, माठ. हंडा चिंचेने घासायचा, विसळायचा, पुन्हा भरायचा. ह्यांची तेवढ्यात दाढी चाललेली असायची. आरशातूनच म्हणायचे, "अगं, कालचं पाणी काय रात्रीत म्हातारं झालं?" मी उत्तर द्यायची नाही. त्या दिवशीही दिलं नाही. चहा दोनदा झाला. डब्यात मेथी. शेवटच्या पोळीला तूप लावायचं राहिलं. सव्वासातला कंपनीच्या बससाठी गेले आणि बसमध्येच गेले. पुढचं सगळं लोकांनी सांगितलेलं आहे. माझी म्हणून त्या दिवसाची फक्त सकाळ, आणि ती इतर कुठल्याही सकाळसारखी.

दीड वर्ष झालं. पाणी अजून सहालाच येतं.

आज आठवायचं कारण, आज एक भांडं जास्त भरलं. मधुराने काल माशांची टाकी आणली. काचेची, दोन फुटी. शनिवार पेठेतल्या दुकानातून. सहा गप्पी, खडी, हवेची मोटर, तीन जातींची खरी झाडं. रिक्षावाल्याला वारज्यापर्यंत सावकाश चालवायला लावलं म्हणे. टाकी ह्यांच्या लिहायच्या टेबलावर ठेवली. "तुला सोबत होईल, आई." मी सोबत मागितली नव्हती.

सकाळी मासे पातेल्यात काढले, टाकी रिकामी केली, खडी गरम पाण्याने खंगाळली, काच पुसली, नळाचं ताजं पाणी भरलं. दीड तास गेला. पण लखलखीत दिसते.

मंगळ. ११ जाने.

एक मेला. सकाळी वर तरंगत होता. केशरी शेपटीचा.

म.ची कंपनीची गाडी साडेसातला आली, ती घाईत होती. तिने पाहिलं नाही. मोगऱ्याच्या कुंडीत पुरला.

म. दीड वर्षासाठी शिकागोला जाणार की नाही, हा प्रश्न आहे. ऑनसाइट म्हणतात त्याला. हो की नाही ते २८ फेब्रुवारीपर्यंत कळवायचं. मी जा म्हटलंय. ती "बघू" म्हणते. परवा फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, दार लोटलेलं होतं, पण आमचं घर दोन खोल्यांचं. "आईला मासे आणून देतेय. ते जगले की मी जाते." हसत होती. म. हसत बोलते तेव्हा खरं बोलते. बापावर गेली आहे.

मासा पुरताना क्षणभर बरं वाटलं. या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिते. मग हात धुतले.

टाकीचं पाणी आजही बदललं.

गुरु. १३ जाने.

काल दुसरा. आज पी.एम.टी.ने शनिवार पेठेत. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना टाक्याच टाक्या. मालक सलीमभाई, पन्नाशीचे. त्यांच्या आजोबांपासून याच गल्लीत. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.

"केशरी शेपटीचा एक आणि निळसर एक द्या."

"आधीचे?"

"आहेत. जोड हवी होती."

माझ्याकडे पाहिलं, पिशवीत पाणी घेतलं, मासे पकडले. 

म. रात्री टाकीपाशी वाकून बराच वेळ उभी. "याची शेपटी आधी अशीच होती का गं?"

"वाढताहेत."

"हो का," म्हणाली.

शुक्र. १४ जाने. संक्रांत

इमारतीत हळदीकुंकू. मला बोलावणं नाही, ते बरोबरच. खालच्या शोभाताई मात्र वाण घेऊन स्वतः वर आल्या. अमरावतीच्या. मुलाला इथे कंपनीत नोकरी लागली म्हणून नवरा-बायको तीन वर्षांपूर्वी इकडे आले. वाण म्हणजे प्लास्टिकचा डबा. म्हणाल्या, "घ्या वहिनी, हळदीकुंकवाचं मनावर घेऊ नका."

मी टाकी धूत होते. बाथरूममध्ये तीन बादल्या.

"हे काय करून राहिल्या तुम्ही? रोज?"

"शिळं पाणी कसं ठेवायचं?"

"आमच्या तिकडं उन्हाळ्यात माणसाले इतकं पाणी भेटत नाही, अन् तुम्ही मासोळ्याईले आंघोळ घालून राहिल्या."

डबा मासे ठेवायला चांगला आहे. पातेल्यापेक्षा बरा, खाली सपाट.

शनि. १५ जाने.

एक मेला. पिवळट.

वाचनालयातून मत्स्यपालनावरचं पुस्तक आणलं. माशांवर तेवढं एकच होतं. शेततळ्याचं निघालं. एकरी किती शेण टाकायचं ते दिलं आहे. माझी टाकी दोन फुटी. तरी पूर्ण वाचलं. हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट टाकायचं नाही, ही सवय सातवीत शाळा सुटली तेव्हापासूनची.

म.ने ऑफिसातून नेटवरची पानं छापून आणून दिली आहेत. सहज जगणाऱ्या पाणवनस्पतींवर. इंग्रजी. शब्दकोश घेऊन रोज एक पान वाचायचं ठरवलं होतं. पहिल्या पानाला तीन संध्याकाळी गेल्या.

झाडं: गवतासारखं लांब पात्यांचं ते व्हॅलिसनेरिया, दुसरं हायड्रिला, तिसरं जावा फर्न. फर्नचं आडवं जाड खोड खडीत नीट खोल पुरलं, आल्याचा कंद लावतात तसं. झाडांचं मला कळतं.

मंगळ. १८ जाने.

काल चौथा मेला. दोनच दिवसांपूर्वी पिवळटाच्या जागी एक आणायला बसचा हेलपाटा घातलेला, काल गुडघा दुखत होता, म्हटलं उद्या जाऊ. आज सकाळी मोजले तर सहा. पुन्हा मोजले. पाच. पुन्हा सहा. मासे हलतात, मोजता येत नाहीत. बालवाडीतल्या पोरांना रांगेत उभं करण्यातला प्रकार. चष्म्याचा नंबर वाढला असेल. डोळे तपासायला हवेत.

म. चहा घेता घेता, "सगळे ठीक ना गं तुझे?"

"ठणठणीत."

"मस्त," म्हणाली. बूट घालायला खाली वाकली.

बुध. १९ जाने.

शनिवार पेठ. "एक द्या, पांढऱ्या शेपटीचा."

सलीमभाईंनी जाळी हातात घेतली नाही. "काकू, रागावू नका. घरात टाकी एकच आहे ना?"

"एकच."

"नाही, परवा संध्याकाळी तुमची मुलगी दोन घेऊन गेली. त्याच्या आधीच्या आठवड्यात एक. ती म्हणते आईला सांगू नका. तुम्ही तर काही सांगतच नाही. मी दुकानदार. मला काय, दोघींना विकतो. पण मासे माझे आहेत, मला वाईट वाटतं."

मी स्टुलावर बसले.

"पाणी किती दिवसांनी बदलता?"

"रोज. सगळं. खडीसुद्धा उकळत्या पाण्याने."

त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण तसा चेहरा केला. "काकू, मासे आहेत. तांब्या-पितळेची भांडी नव्हेत."

नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, तीच माशांनाही मारते. बादलीत उघडं ठेवलं की एका रात्रीत उडते. आणि खडीवर, पानांवर, काचेवर जे बुळबुळीत धरतं, जे मी रोज घासून काढत होते, त्यावरच टाकी चालते. माशांची घाण ते खातं. पाणी मुरावं लागतं.

"लोणच्यासारखं?"

"तसंच समजा. आठवड्याला चार हिस्स्यांतला एक हिस्सा बदला. बाकी हात बांधून बसा."

मासा दिला नाही. "आधी पाणी, मग मासा."

बसमध्ये खिडकीशी. ह्यांच्या तेराव्यानंतर घरातलं सगळं धुतलं होतं. रीतच आहे. पडदे, चादरी, ह्यांचे सदरे, टॉवेल, उशीचे अभ्रे, सगळं एका दिवसात. दोऱ्या कमी पडल्या. संध्याकाळी घड्या घालताना लक्षात आलं की घराला आता फक्त साबणाचा वास आहे.

गुरु. २० जाने.

पाणी बदललं नाही. सहाला उठले, हंडा घासला, टाकीकडे पाठ करून चहा केला.

म.ला काही बोलले नाही. तीही नाही. आम्ही दोघी एकमेकींसाठी मासे विकत आणत होतो, हे तिला माहीत नाही, मला माहीत आहे. किंवा तिलाही माहीत असेल.

सोम. २४ जाने.

पाणी ताकासारखं पांढुरकं. मासे त्यात अंधुक. शोभाताई: "हे तं नासलं वहिनी." हात शिवशिवतात. बादली दोनदा उचलून ठेवली.

सलीमभाईंना फोन केला. "काय करू?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काकू, काहीच न करणं हे पण काम आहे. तुम्हाला जमत नाहीये."

शुक्र. २८ जाने.

पाणी आपोआप निवळलं. काल संध्याकाळी धूसर होतं, आज सकाळी आरपार दिसतं. पाच मासे. पाचच. आता शांत फिरतात म्हणून मोजता येतात.

रवि. ३० जाने.

जावा फर्न काळं पडतंय. पानं खालून कुजतात. आज छापील पानांतलं तिसरं पान वाचायला घेतलं. पहिल्याच परिच्छेदात: खोड खडीत पुरू नये, कुजतं. दगडाला किंवा लाकडाला बांधावं, मुळं आपली आपण धरतात. मी पंधरा दिवस दुसऱ्या पानावर होते.

उपटलं. सडलेलं कापलं. राहिलेला बोटभर तुकडा मुठेच्या पात्रातल्या एका दगडाला काळ्या दोऱ्याने बांधला. तो दगड ह्यांचा पेपरवेट होता. म. शेजारी बसून दोरा धरत होती.

"आई, तू झाडांची डॉक्टर ना?"

"कुंडीतल्या. हे वेगळ्या खात्याचं आहे."

हसली. बऱ्याच दिवसांनी दोघी एका टेबलाशी. मला वाटलं आता विचारेल. विचारलं नाही. मीही.

सोम. ७ फेब्रु.

पाचही जिवंत. रोजची धुलाई थांबवून अठरा दिवस.

हायड्रिला इतकं वाढलं की कापून कचऱ्यात टाकावं लागतं. शोभाताईंना दिलं, त्यांनी बरणीत ठेवलंय. एक गोगलगाय सापडली, झाडांबरोबर आली असणार. काढली नाही. काच खाते, म्हणजे काचेवरचं हिरवं खाते.

ऑफिसातून म.चा फोन, कधी नव्हे तो दुपारी. "काय करतेस?" टाकीपाशी बसलेय म्हटलं. "ओके," म्हणाली. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. व्हिसाचे कागद भरायला सांगितलेत, एवढं म्हणाली आणि ठेवला.

शनि. १२ फेब्रु.

दुपारी ऊन टाकीवर आलं तेव्हा व्हॅलिसच्या पात्यांना बारीक बुडबुडे. एकेक सुटून वर जातो. दुसरा धरतो. चौथं पान वाचल्यामुळे माहीत होतं, पात्याने सोडलेली हवा. तरी तासभर बसले. वरण उतू गेलं.

गुरु. १७ फेब्रु.

सकाळी वीज तीन तास नव्हती. मोटर बंद. पूर्वी असतं तर पातेलं घेऊन धावले असते. झाडं आहेत, निभेल असं वाटलं. निभलं.

फर्नच्या एका जुन्या पानाच्या पाठीवर केसासारखी मुळं आणि दोन तांदळाएवढी पानं. म.ला दाखवलं. "बाळ झालं तिला?" म्हणाली. नंतर तशीच उभी राहिली. "आई, २८ तारीख जवळ आली."

"हो."

"काय कळवू?"

"मी जा म्हटलंय."

"ते माहितीये मला, तू काय म्हटलंयस ते."

रवि. २० फेब्रु.

दुपारी जेवणानंतर. भांडी घासायची होती.

म. टाकीकडे बघत: "खरं सांग. किती मेले?"

"चार."

"मी तीन काढले. सकाळी तू आंघोळीला गेलीस की."

"कुठे टाकलेस?"

"संडासात. फ्लश केले. तू?"

"मोगऱ्यात पुरले."

आधी ती हसली, मग मी. बराच वेळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मी म्हटलं, तुला कधी कळलं? म्हणाली, पहिल्याच आठवड्यात, निळ्या शेपटीचा नव्हता तो अचानक आला. मी म्हटलं, मला सलीमभाईंनी सांगितलं. पुन्हा हसलो.

मग ती थांबली.

"आई, पण हेच तर ना."

"काय?"

"मी तिकडून फोन करणार. तू म्हणणार, सगळं ठणठणीत. आणि इकडे तू मोगऱ्यात काय काय पुरत असशील, मला कळणार पण नाही."

"तू पण लपवलंस."

"हो. म्हणजे मी पण तिकडून मस्तच म्हणणार. दीड वर्ष दोघी एकमेकींना मस्त-मस्त करत बसणार."

मी ताटं उचलायला लागले. ती म्हणाली, "मी नाही कळवते. सोमवारी, अठ्ठावीसला. शांतपणे सांगतेय, टेन्शन घेऊ नकोस."

भांडी घासली. तिने विसळली.

मंगळ. २२ फेब्रु.

मासे मेले म्हणून नव्हे, मी सांगितलं नाही म्हणून ती राहते आहे. मासे जगवायला शिकले, पण त्याचा आता उपयोग नाही.

शोभाताईंना जिन्यात सगळं सांगितलं. म्हणाल्या, "तं आता खरं सांगा ना तिले."

"खरं सांगितलं तर जाणार नाही."

"अन् खोटं सांगितलं तं?"

"तरी जाणार नाही."

"मंग खरंच सांगा. निदान लक्षात ठेवा लागत नाही."

शुक्र. २५ फेब्रु.

म. लवकर आली. पिठलं-भाकरी. तिला वाढलं, मला वाढून घेतलं आणि बसल्या बसल्या सांगितलं. डिसेंबरात, नाताळच्या आधी, बाथरूममध्ये चक्कर आली होती. खाली बसले. किती वेळ ते माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा बादली भरून वाहत होती. तिला सांगितलं नाही. तेव्हा वहीतही लिहिलं नव्हतं, म्हणजे वहीशीही खोटंच.

तिचा हात भाकरीवर तसाच राहिला.

"डॉक्टर?"

"नाही गेले."

"अजून काय?"

"काही नाही."

"आई."

"जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. दुसऱ्या मजल्यावर. लोकांना वाटतं मी कोणाशी तरी बोलायला थांबलेय."

ती उठून गॅलरीत गेली. परत आली. "मग आता मी कशी जाऊ, तूच सांग."

"ते मी नाही सांगणार. तू खरं मागितलंस, ते दिलं."

"मी जावं असं तुला खरंच वाटतं?"

"अर्धं."

"आणि अर्धं?"

"अर्धं नाही वाटत."

ती ताटावर बसली, एक घास खाल्ला. मग म्हणाली, "पिठल्यात मीठ कमी आहे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. नेहमी छान झालंय म्हणते. मी मीठ पुढे सरकवलं. तिने घेतलं, मीही घेतलं.

सोमवारी काय कळवणार ते ती बोलली नाही. मी विचारलं नाही.

शनि. २६ फेब्रु.

सकाळी डॉक्टरांकडे गेले. एकटी गेले. अकरावा नंबर, दीड तास बसून राहिले. रक्तदाब वरचा एकशे अठ्ठावन्न, खालचा शहाण्णव. मीठ कमी, रोज एक गोळी, बुधवारी रक्त तपासायला यायचं. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, आजच्या चौकोनात दोन्ही आकडे शाईने मोठे लिहिले.